जिनेंद्र जेवायला गेला का?

त्या दिवशी मी खडेबाजारातून एक साधी रबरी रिंग घेऊन काकतीच्या आमच्या शेडमध्ये परतले, एवढंच. आम्ही तिथे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी एक दांडी बनवतो. तिच्या टोकाला नखाएवढा सोलर सेल बसवायचा, दांडी यंत्राच्या पोटात सरकवायची, आतला बारका दिवा लावायचा आणि सेल वीज तयार करत असतानाच त्याच्या आत काय चाललंय ते बघायचं. कल्पना सदलग्याच्या जिनेंद्रची. माणूस लाखात एक, पण दिवस मावळायच्या आत जेवणार म्हणजे जेवणार. अर्धा पिळलेला स्क्रू तसाच सोडून डब्याकडे पळायचा. त्यावरून मी त्याला किती छळलं! गेल्या वर्षी तापाने तो गेला.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना दांडी दाखवायची होती आणि नेमकी यंत्राची हाय व्होल्टेजची पेटी रुसली. मी तिचं झाकण उघडायला बसले, तोच लाईट गेली.

"बरं झालं की," आमचा नागेंद्र म्हणाला. "लाईटच न्हाय तर शॉक कुठला? घाल हात, पूर्णिमाक्का. मी जनरेटर बघून येतो."

तो गेला. यंत्रातली हवा ओढणाऱ्या पंपाची घरघर थांबली होती. शेडमध्ये गरम तेलाचा वास कोंडला होता. मी झाकण काढलं, हात पुढे केला... आणि टेबलावरच्या, बॅटरीवर चालणाऱ्या मीटरवर आकडा चढू लागला.

मीटरच्या तारा दांडीतल्या सेलला जोडलेल्या. सेल पोलादी नळीत, गच्च काळोखात. दिवा बंद. मग उजेड पडला कुठून...?

हात मागे घेतला. आकडा उतरला. पुढे नेला... चढला.

"जिनेंद्र...?"

आणि त्याचं रोजचं टुमणं आठवलं. "आक्का, लाईट गेली तरी आधी अर्थिंगची काठी लाव गं. आत वीज दडून बसल्याली असती." कोपऱ्यातली काठी आणून पेटीच्या आत टेकवली मात्र, फाडकन ठिणगी उडाली. तिथे माझा हात असता.

आकडा शून्यावर आला. खिडकीत सूर्य टेकत होता. जेवायला गेला असणार. मी फरशीवर बसून ढसाढसा रडले. त्याचे उपकार आता फेडायचे तरी कसे?

तेव्हापासून रोज दिवस कलला की आकडा हलतो. मी म्हणते, "सगळं बरं हाय रं. जा, जेवून घे." आकडा उतरतो. दांडी केव्हाच बेंगळुरूला गेली, मीटरच्या तारा मोकळ्याच लोंबतात. तरी मला भीती वाटत नाही. उलट मीही आता त्याच वेळेला डबा उघडते.

पण काल मी दोनदा सांगितलं, तरी आकडा उतरला नाही. दिवस मावळला, उजाडलं, आजही मावळला. यंत्र बंद आहे, काठी लावलेली आहे. जिनेंद्र कालपासून उपाशी आहे.

तुम्ही जायला उठलात तसा आकडा आणखी चढला, बघा... बसा जरा. दाराला हात लावू नका.