अर्ध्या आवाजातला नायक

बंगळूरमधल्या शिवाजीनगरच्या बाजारात मोसंब्यांच्या ढिगापुढे एक धिप्पाड माणूस उभा होता आणि फळवाल्याशी चक्क कुजबुजत होता. फळवाला कानाला हात लावून पुनःपुन्हा म्हणत होता, "स्वल्प जोरागि हेळि, सार." जरा मोठ्यानं सांगा, असं त्याचं म्हणणं. तो माणूस पुन्हा तितक्याच हळू कुजबुजायचा. मागे खोळंबलेल्या हेमलतेला आधी हसू आलं, मग कीव आली. एवढा उंचापुरा देह आणि घशाचं हे असं... तिनं पुढे होऊन कन्नडमध्ये फळवाल्याला दटावलं, चार चांगली मोसंबी निवडून त्या माणसाच्या पिशवीत टाकली आणि स्वतःशीच मराठीत पुटपुटली, घसा बसलाय तर माणसानं घरी बसावं.

"घसा बसलेला नाही," तो हळूच म्हणाला. मराठी, तेही बेळगावकडचं. "जपून ठेवलाय."

"कुणासाठी?"

"ते अजून ठरायचं आहे बघा."

हेमलतेच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ती तरातरा चालू लागली, आणि मोसंबी निवडायला आपण थांबलोच कशाला म्हणून वाटभर स्वतःवरच चिडली. वरून भुरभुर पाऊस होता, छत्री उघडावी की नाही असा.

ही १९६१ सालची गोष्ट. हेमलता जयनगरात राहायची आणि आठवड्यातून तीनदा बसनं छावणीतल्या लेंत्सबाईंकडे पियानो वाजवायला यायची. लेंत्सबाई म्हणजे एकेकाळी जर्मनीत ऑपेरा गायलेल्या म्हाताऱ्या गुरू. संधिवातानं त्यांची बोटं आखडली होती, म्हणून शिष्यांच्या साथीला त्यांनी हेमलतेला ठेवलं होतं. त्या दिवशी नवा शिष्य येणार होता. तो आला तेव्हा त्याच्या हातात मोसंब्यांची पिशवी होती.

त्याचं नाव उमाकांत. सरकारी कारखान्यात इंजिनियर. कारखान्यानं त्याला शिकायला दोन वर्षं जर्मनीला पाठवलं, तर हा पठ्ठ्या यंत्रांबरोबर गाणंही शिकून आला. गाणं तरी कोणतं, तर जर्मन ऑपेरातल्या वीरांचं. हे वीर राक्षस मारतात, शपथा घेतात, तीन-चार तास उभे राहतात आणि शेवटी गाता गाताच प्राण सोडतात. समोर शंभर वाजवणारे असतात आणि त्या सगळ्यांच्या वरून, मायक्रोफोनशिवाय, शेवटच्या रांगेपर्यंत एकट्याचा आवाज जावा लागतो. असा आवाज क्वचित कुणाला मिळतो आणि लोणच्यासारखा सावकाश मुरतो. उमाकांतनं घाई केली. चोविसाव्या वर्षी त्यानं एक भूमिका रेटून गायली आणि घशातून रक्त आलं. लेंत्सबाईंनी म्हणून नियम घातला होता, वर्षभर तालमीत फक्त अर्धा आवाज. पूर्ण आवाज आठवड्यातून पाचच मिनिटं, बुधवारी, दार लावून... आणि नेमकी हेमलता घरी गेल्यावर.

असे आठ महिने गेले. वीर तिच्या पियानोपाशी उभा राहून युद्धाच्या आरोळ्या कुजबुजायचा आणि ती हसू दाबत वाजवायची. मध्येच तो पान उलटायला वाकायचा, तेव्हा मात्र तिची बोटं एखादी पट्टी हमखास चुकायची.

"तुम्ही सगळंच असं अर्धं बोलता का हो?" एकदा तिनं विचारलंच.

"महत्त्वाचं तेवढंच."

"मग मला कळायचं कसं?"

त्यानं हसून पान उलटलं. हेमलता त्याच्या प्रेमात पडली होती, गळ्यापर्यंत बुडाली होती, पण त्यानं एक वाक्य धड म्हटलं नव्हतं. तिला वाटायचं, याचा पूर्ण आवाज रंगमंचासाठी, आपल्या वाट्याला उरलंसुरलं.

आणि मग एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. लेंत्सबाईंचा जुना सहकारी आता जर्मनीत एका ऑपेरा हाऊसचा संचालक होता. तो मद्रासहून मुंबईला जाताना रविवारी बंगळूरला उतरणार होता, फक्त उमाकांतला ऐकायला. आवडलं तर करार. इकडे धारवाडच्या एका स्थळाकडून हेमलतेला पसंती आली. तिच्या वडिलांनी, नरसिंहअण्णांनी, होकाराचं पत्र लिहून ठेवलं. शनिवारी संध्याकाळी पाचला टपालाची पेटी उघडतात, त्याआधी टाकणार होते.

शुक्रवारी तिनं उमाकांतला हे सांगितलं. रविवारसाठी आवाज जपायचं त्याचं मौन सकाळीच सुरू झालं होतं. त्यानं तिच्याकडे टक लावून पाहिलं, मग छातीवर हात ठेवला. उद्या येतो, एवढं तिला कळलं.

शनिवारी साडेचारला तो तिच्या घरी आला. हातात पाटी होती. ती पाहिली आणि हेमलतेनं कपाळावर हात मारला.

कारण अण्णांसमोर कुणी काही लिहून धरायचं नाही, हा त्या घरातला पहिला कायदा होता. वीस वर्षं विमानांची इंजिनं तपासून अण्णांचे कान गेले होते. हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं, फक्त अण्णांना मान्य नव्हतं. ते समोरच्याचे ओठ बघायचे, 'सरी, सरी', म्हणजे बरं बरं, म्हणून मान डोलवायचे आणि घरातले सगळे टिपेला जाऊन बोलायचे. बाहेरच्या उमाकांतला हे कोण सांगणार?

त्यानं नम्रपणे पाटी पुढे केली. अण्णांनी अक्षरं वाचलीच नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला.

"पाटी? मी बहिरा आहे असं कुणी सांगितलं तुला?"

त्यांनी पाटी उलटी करून टेबलावर ठेवली, पत्र उचललं आणि चपला घालून निघाले. आई देवळात गेलेली. हेमलता दारात उभी. तिनं धावत जाऊन हात धरला असता तर अण्णा थांबले असते. पाऊल उचललंही होतं... पण हे तिनं सांगायचं नव्हतं. आठ महिने ती एका वाक्याची वाट पाहत होती. आणि ते वाक्य त्यानं आज बोलावं, असंही तिच्यानं म्हणवेना. उद्या त्याच्या साऱ्या आयुष्याचा फैसला होता. ती उमाकांतकडे पाहायचं टाळत उभी राहिली. अण्णा कोपऱ्यावरच्या लाल पेटीपाशी पोचले.

उमाकांत फाटकापर्यंत गेला. खांदे मागे घेतले, श्वास भरला.

"अण्णा, पत्र टाकू नका. तुमची हेमलता मला द्या."

तो ओरडला नव्हता. पण तो आवाज गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भरून राहिला. तारेवरचे कावळे उडाले. शेजारच्या राजलक्ष्मीअम्मा हातात कॉफीचं भांडं तसंच घेऊन बाहेर आल्या. हेमलतेचे डोळे भरून आले. हा आवाज आठ महिने तिच्या खांद्याशी उभा होता आणि तिनं तो आज पहिल्यांदा ऐकला.

अण्णांचा हात पेटीच्या तोंडाशी थांबला होता. त्यांची पाठ इकडे होती, कुणाचे ओठ त्यांना दिसत नव्हते. ते हळूहळू वळले. किती वर्षांनी पाठीमागची हाक त्यांना ऐकू आली होती, ते त्यांनाच माहीत.

"ओरडतोस कशाला?" ते म्हणाले. "मला ऐकू येतं."

आणि पत्र त्यांनी खिशात घातलं.

रविवारी सकाळी हेमलतेनं घाबरत लेंत्सबाईंना सगळं कबूल केलं. आता आपली खैर नाही असं तिला वाटलं. पण त्यांनी एवढंच विचारलं, किती लांब होते वडील? शंभर पावलं, हेमलता म्हणाली, आणि त्यांना ऐकू येत नाही. लेंत्सबाईंनी भुवया उंचावल्या आणि म्हणाल्या, मग वीस पावलांवर बसणाऱ्या संचालकाची मला काळजी नाही.

संध्याकाळी लेंत्सबाईंच्या मोठ्या दिवाणखान्यात उमाकांत गायला. संचालकानं करार देऊ केला, दोन वर्षांचा. आधी पहारेकरी आणि दूत अशा छोट्या भूमिका, वीर नंतर. पहिल्या रांगेत अण्णा डोळे मिटून बसले होते, ओठ बघायची गरजच नव्हती.

सगळे बाहेर पडले तेव्हा पायरीवर उमाकांत तिच्याजवळ थांबला. वडिलांना विचारलं, साऱ्या गल्लीला ऐकवलं, पण हिला विचारायचं राहूनच गेलं होतं. तो अगदी हळू म्हणाला, "हेमा... येशील माझ्याबरोबर?"

तिनं फळवाल्यासारखा कानाला हात लावला. "स्वल्प जोरागि हेळि, सार."

तो आणखी वाकला आणि आणखी हळू बोलला. तिला सगळं ऐकू आलं.