डाव्या किडनीचा दोष

नणंदेनं भाजीचं पातेलं ओट्यावर आदळलं. “अजून किती मीठ घालणार आहेस बाबांच्या पोटात? तीन-तीन गोळ्या घेऊनही प्रेशर उतरत नाही माणसाचं. आज दवाखान्यातून मी त्यांना थेट माझ्या घरी नेणार.”

सून खाली मान घालून उभी राहिली. भाजी अळणी होती... गेली दोन वर्षं अळणीच होती! पण बोलायची सोय कुठे होती? मीठ नाही म्हटलं, तर मग प्रेशर कशानं, हे सांगावं लागलं असतं. सासरे घरीच पुस्तकबांधणी करायचे, आणि खळीच्या डब्यामागे सिगारेटची पाकिटं दडवायचे. सासूच्या अखेरच्या घटकेला तिचा हात हातात घेऊन ‘सोडली’ म्हणाले होते, आणि सुटली मात्र नव्हती. सुनेनं एकदा ओढताना पाहिलं तेव्हा एवढा करारी माणूस तिच्यापुढे ढसाढसा रडला, ‘पोरांना सांगू नकोस, बाळ.’ तिनं शब्द दिला, आणि त्या शब्दापायी घरादाराचे टोमणे मुकाट गिळले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिघांना पडद्यावरचं चित्र दाखवलं. डाव्या किडनीला रक्त नेणारी धमनी आतून चरबीचे थर साचून दोऱ्याएवढी उरली होती.

“रक्त कमी पोचलं की किडनीला वाटतं, सगळ्या शरीरातच दाब कमी पडलाय. मग ती तो वाढवत सुटते. डावी उपाशी राहून आक्रसली आहे, ती आता भरून येणार नाही. उजवीची धमनी नुकतीच अरुंद व्हायला लागली आहे, तिला वाचवता येईल. पण सिगारेट चालू राहिली तर तीही जाईल. खरं सांगा, ओढता?”

“नाही,” सासरे म्हणाले.

सुनेनं सासऱ्यांकडे पाहिलं. शब्द पाळावा तर उजवीही जाणार, मोडावा तर या म्हाताऱ्या जिवाची लाज लेकीसमोर उघडी पडणार...

“ओढतात,” ती म्हणाली. “रोज आठ-दहा. मला ठाऊक होतं.”

“ठाऊक होतं आणि गप्प बसलीस?” नणंद उसळली.

“तिला मी गप्प बसवलं.” सासरे मध्येच म्हणाले. “तू मिठावरून तिला वाट्टेल ते बोलत होतीस, आणि मी तिथेच बसून जेवत होतो.”

सुनेला हुंदका आवरेना. “मी आधी बोलले असते तर डावी वाचली असती, बाबा.”

“ते पाप माझं आहे, बाळ. तू नको घेऊस अंगावर.”

नणंद उठून सुनेजवळ आली, तिचे डोळे आपल्या पदरानं पुसले.

“बाबा तुझ्याकडेच राहू देत,” ती म्हणाली. “मला ते हातोहात फसवतील.”