सात नंबरचा दोर

"अरे, इस्त्री उचल! भोक पडेल ना!"

तायडी ओरडली तेव्हा इंजिनीअरने चंदेरी प्लास्टिकची कड जवळजवळ जाळलीच होती. इंजिनीअर म्हणजे तायडीचा मामेभाऊ. मामीच्या घरातलं प्रत्येक यंत्र त्याने एकदा तरी दुरुस्त केलं होतं आणि त्यानंतर ते कधीच चाललं नव्हतं, म्हणून हे नाव! सुट्टीत तो तायडी आणि तिचा धाकटा भाऊ बटण यांच्याकडे राहायला आला होता. तिघं मिळून पलंगाएवढा फुगा बनवत होते. त्यात हेलियम भरायचा, खाली खेळण्यातल्या दोन पात्यांच्या मोटर आणि चिमुकला कॅमेरा लावायचा, आणि सगळं मोबाइलवरून चालवायचं.

"पण वर जाऊन बघायचं काय?" बटणने विचारलं.

"बाबांचा दोर," तायडी म्हणाली.

बाबा पोहण्याच्या तलावावर वायरमन होते. तलावावर उंच छत होतं. चार महिन्यांपूर्वी त्या छताजवळचा दिवा बदलताना ते खाली पडले आणि गेले. कमरेला पट्टा होता, पण पट्ट्याच्या कडीत दोर नव्हता. 'दोर न लावताच वर चढला,' असं मॅनेजरसाहेबांनी लिहून टाकलं. तेव्हापासून वरची शिडी कुलपात होती.

परवा मात्र तायडीने तलावाच्या स्टोअरमध्ये एक वेगळीच गोष्ट पाहिली. दोरांच्या खुंट्यांना एक ते आठ नंबर होते, आणि बाबांची सात नंबरची खुंटी रिकामी होती! बाबांनी दोर नेलाच नसेल, तर तो खुंटीवर असायला हवा होता. मोठ्या माणसांनी कागद भरभरून लिहिलं, पण खुंट्या कुणीच मोजल्या नव्हत्या. बाबा खरंच विसरले होते का? तायडीला तेवढं एकच कळायला हवं होतं.

तलाव बंद असायचा त्या दिवशी तिघं फुगा घेऊन गेले. आई आता तिथेच तिकीटखिडकीवर कामाला होती. ती काचा पुसत होती.

"अर्धा तास हं!" स्टोअर सांभाळणारे, सगळेच ज्यांना मामा म्हणत, ते दार उघडत म्हणाले. "पाण्यात पडलात तर मी तुम्हाला ओळखत नाही!"

फुगा गुडघ्याएवढा उडाला आणि म्हशीसारखा खाली बसला.

"जड झालाय! मोटरची झाकणं काढ!" बटण म्हणाला. इंजिनीअरने झाकणं काढली, नको ते स्क्रूही काढले. फुगा डुलत डुलत वर निघाला! तेवढ्यात भिंतीवरच्या मोठ्या पंख्याने त्याला ओढायला सुरुवात केली.

"मामा, पंखा! पंखा बंद करा!"

मामा धावले. पंखा थांबला, फुगा स्थिरावला. तायडीने मोबाइलवर बोट सरकवलं. पाइप दिसला, धूळ दिसली, मग तो विझलेला दिवा. आणि दिव्यामागे, खालून कधीच दिसला नसता अशा जागी, पाइपाला अडकवलेला दोराचा लोखंडी आकडा! आकड्याला बाबांची पिवळी टेप होती. आपल्या प्रत्येक हत्यारावर ते तीच गुंडाळत. आकड्याखाली हातभर दोर लोंबत होता. त्याच्या टोकाची शिवण पार उसवली होती, म्हणून तो कमरेच्या कडीतून निसटला होता.

"लावला होता," तायडी पुटपुटली. तिने मोबाइल इंजिनीअरच्या हातात दिला.

मामा मात्र मोबाइलवरच्या दोराकडेच बघत होते. "एवढा पांढरा..." ते म्हणाले. "फार मळले होते गं सगळे. मीच धुतले. तलावात टाकतो त्या ब्लीचिंग पावडरीत भिजवून. तिनेच शिवणीचा दोरा खाल्ला असणार."

ते स्टोअरमधून दुसरा दोर घेऊन आले आणि जोरात ओढला. शिवण त्यांच्या हातात आली. मामांना रडताना मुलांनी पहिल्यांदाच पाहिलं.

मॅनेजरसाहेब आले ते ओरडतच. "हा काय खेळ मांडलाय इथे?" इंजिनीअरने मोबाइल पुढे केला. साहेबांनी ते चित्र तीनदा बघितलं. मग त्यांनी आईला आणि सगळ्या कामगारांना बोलावलं.

"तुमचे यजमान दोर लावूनच चढले होते," ते आईला म्हणाले. "मी न बघताच लिहिलं. माझं चुकलं. तो कागद मी आजच बदलतो." मग मुलांकडे वळून म्हणाले, "उरलेले सातही दोर आज फेकले जातील. सात माणसं तुमच्यामुळे वाचली, पोरांनो! जे आम्हा मोठ्यांना जमायला हवं होतं ते तुम्ही केलंत."

सगळ्यांनी पाठी थोपटल्या. बटण तर फुग्यापेक्षा जास्त फुगला! पण तायडीला काही केल्या आनंद होईना. ती आईच्या मागोमाग तिकीटखिडकीत गेली.

"आई, मी बाबांशी कट्टी घेतली होती. दोर का लावला नाही म्हणून. चार महिने मी त्यांच्या फोटोकडे बघितलंसुद्धा नाही."

आईने हातातलं फडकं खाली ठेवलं आणि तिला जवळ ओढलं.

"मीपण गं," ती म्हणाली. "मीपण."