मागच्या हाजींचा चहा

सबरियाने बोलावलं ते पंप बघायला. पंपाचा वायसर गेला होता. तो बसवला, हात धुतले आणि निघालो, तर ती दारात आडवी. हातात कागदात गुंडाळलेल्या चपला. नव्या, तपकिरी, तळव्यावरचा शिक्कासुद्धा पुसलेला नाही.

"भाऊजी, त्यांचं शेवटचं मागणं होतं. करबलाच्या दर्ग्यापर्यंतच्या या चालण्याला तुम्ही जावं. त्यांच्या वतीनं. या चपला घेऊन."

'ते' म्हणजे लफ्ता, माझा धाकटा भाऊ. हिवाळ्यात मेला. नजफच्या कबरस्तानात त्याला मातीत ठेवला तेव्हा मी लांब गाडीत बसून होतो, काच वर करून.

"गावात दुसरं कुणी नाही का?" मी म्हणालो.

"त्यांनी तुमचंच नाव घेतलं. दरवर्षी निघायचे आणि त्या बागांपाशी पोचले की परत फिरायचे. एकदासुद्धा करबला गाठलं नाही. त्यांचं चालणं अर्धं राहिलंय, भाऊजी. अर्ध्या वाटेवरच्या माणसाला थारा नसतो."

बागा कुठल्या ते मला माहीत होतं. तुम्हीही ऐका, नाहीतर म्हणाल म्हातारा उगाच चिडका आहे.

करबलाला चालत जायला सरकारची बंदी होती त्या वर्षांतली गोष्ट. मी एकतीसचा, लफ्ता बावीसचा. नदीकाठच्या खजुरीच्या बागांतून लपतछपत आम्ही दोघं निघालो. करबला एका दिवसावर राहिलं होतं. दिवेलागणीला सैनिक आले. लफ्ता माझ्या शेजारी पालथा पडला होता, आणि पुढच्या घटकेला नव्हता. लांबून त्याचं ओरडणं ऐकू आलं, पळणं ऐकू आलं, गोळ्या ऐकू आल्या. मी सापडलो. चार वर्षं आत होतो. माझ्या या दोन बोटांना अजून नखं नाहीत. सुटून आलो तोवर आई गेलेली. बायकांनी सांगितलं, लफ्ता एकटाच लंगडत घरी आला तेव्हा आईने त्याला ना पाणी विचारलं ना पाय. एवढंच म्हणाली, "चासिब कुठं राहिला?" मरेपर्यंत रोज तेच विचारायची. चासिब म्हणजे मी.

मला टाकून पळाला म्हणून मी लफ्ताच्या तोंडावर थुंकलो. नंतर चाळीस वर्षं एका गल्लीत राहिलो आणि बोललो नाही. तो यायचा. माझ्या दारासमोर उभा राहायचा. डावा पाय ओढत यायचा, त्यामुळे गल्लीच्या तोंडापासून कळायचं. टप… खर्र. टप… खर्र. मी दार लावून घ्यायचो. पाय कशाने गेला, कधी विचारलं नाही. पळताना खड्ड्यात पडला असेल. बरं झालं, म्हणायचो.

तर अशा माणसाच्या वतीनं चालायचं. गल्लीतली माणसं जमली होती, सबरिया रडत होती, म्हणून उंबऱ्यावर उभा राहून मी रीतीप्रमाणे मोठ्यानं म्हणालो, "हे चालणं लफ्ताच्या वतीनं." सगळ्यांनी दुवा दिली. कालव्याचा पूल आला तसा मी आजूबाजूला बघितलं, चपला कागदासकट पाण्यात भिरकावल्या आणि म्हणालो, "हे चालणं माझं. फक्त माझं. तू बस बोंबलत."

चपला बुडाल्या. मी स्वतः बघितलं. वर बुडबुडे आले.

त्या वाटेवर कुणी उपाशी मरत नाही. दर शंभर पावलांवर तंबू, आणि तंबूवाले असे हट्टी की बाही धरून आत ओढतात. नाही म्हटलं तर रडायला लागतात. भात, घेवडा, गरम रोट्या, आणि चुलीवर काळाकुट्ट झालेला चहा. दुसऱ्याच दिवशी एका पोरगेल्या तंबूवाल्यानं मला बसवलं आणि समोर दोन ग्लास ठेवले.

"एक पुरे," मी म्हणालो. "मला काय रेडा समजलास?"

"दुसरा तुमच्या मागच्या हाजींना."

मागे बघितलं. माणसंच माणसं, काळे झेंडे, हातगाड्या, म्हाताऱ्या. माझ्याबरोबर कुणी नव्हतं.

"ते माझ्यातले नाहीत."

"असं कसं? सकाळपासून तुमच्या पावलावर पाऊल टाकतायत. भांडलात वाटतं?" तो हसला. "प्या हो. वाटेत भांडू नये."

पुढच्या तंबूत पुन्हा दोन ग्लास. त्याच्या पुढच्यातही. समावा शहराच्या अलीकडे एका बाईनं दोन उशा टाकल्या. मी तिच्यावर ओरडलो, "मोजता येत नाही का तुला?" ती घाबरून माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिली आणि दोन्ही उशा तशाच ठेवून गेली. दुपारी उठलो तर दुसऱ्या उशीत खळगा होता. आणि वास. म्हशीच्या दुधाचा आणि बोरूच्या धुराचा. आमच्या दलदलीकडच्या माणसाला तो वास मेल्यावरसुद्धा सुटत नाही.

त्यानंतर मी कान दिला. गर्दीत कळत नव्हतं. पण गर्दी जरा विरळ झाली की मागून यायचं. टप… खर्र.

मला भीती वाटली का? राग आला. चाळीस वर्षं दारासमोर उभा राहिलास, आता पाठीवर बसलास? मी पावलं वाढवली. आवाजही वाढला. मी थांबलो की एक खर्र उशिरानं थांबायची.

बारा दिवस असं. शेवटून दुसऱ्या दिवशी मी मोठा रस्ता सोडला आणि नदीकाठची जुनी वाट धरली. त्या बागांची. म्हटलं, इथून तो दरवर्षी परत फिरायचा, या वेळीही फिरेल. सुटीन.

दुपारी वारा पडला आणि आभाळ विटकरी झालं. मग धूळ आली. आमच्याकडे येते तशी नाही, भिंत सरकत यावी तशी, मुकाट. झेंडे दिसेनात, मग झाडं दिसेनात, मग माझेच हात. दातांत माती. भर दुपारी लोकांनी कंदील लावले होते, त्यांचे नुसते पिवळे डाग दिसत होते. एका डागाकडे मी गेलो.

एकटाच म्हातारा होता, माझ्याहून मोठा. डोळ्यांत दोन्हीकडे फुलं पडलेली. पुढ्यात घमेलं, ऊन पाणी. चालणाऱ्यांचे पाय धुवायची त्याची सेवा.

"या," तो म्हणाला. "दोघंही या."

मी बसलो. त्यानं चाचपून माझे पाय घेतले, उजवा, डावा, बोटांच्या बेचक्यांतून अंगठा फिरवून धुतले, आपल्या डोक्यावरच्या फडक्यानं पुसले. मग घमेलं माझ्या शेजारी सरकवलं. तिथं नुसती चटई होती. त्यानं हात पुढे केले, आणि ते हात हवेत अडले. काहीतरी धरलं त्यांनी. त्यानं पाणी घातलं. पाणी सरळ घमेल्यात पडलं नाही… मधेच फुटलं, दोन धारा झाल्या, मग खाली गळलं. गढूळ होऊन.

"अरे," आंधळा हळूच म्हणाला. त्याचा अंगठा एका जागी फिरत होता. "ही टाच मी ओळखतो."

"कुणाची टाच?" मी विचारलं.

"बंदीच्या वर्षातली. पोरगा रांगत आला होता आमच्या बागेत. गोळी माझ्या बापानं खुरप्यानं काढली, पाय मी धरला होता. ओरडला नाही. नुसतं विचारत होता, माझा भाऊ सुटला का… म्हणायचा, मी ओरडत पळालो, सगळे माझ्या मागं लागले, माझा भाऊ सुटला ना…" त्यानं मान वर केली, पण माझ्याकडे नाही. "अजून भरली नाही रे जखम? इतक्या वर्षांत?"

घमेल्यातलं पाणी गुलाबी झालं होतं.

मी उठलो. आभार मानले नाहीत, काही नाही. धुळीत बाहेर आलो आणि बोंबललो. लाज वाटली नाही, कोण बघत होतं?

"मग बोलला का नाहीस, हरामखोरा! चाळीस वर्षं! तोंड नव्हतं तुला? माझ्या दारात उभा राहून नुसता बघायचास! एकदा सांगायचंस, दार तोडून सांगायचंस! आईला तरी सांगायचंस!"

धूळ हलली नाही. मागची पावलं थांबली होती. इथूनच तो परत फिरायचा.

"आता फिरलास तर तंगडं तोडीन दुसरं," मी म्हणालो. रडत होतो की काय, धुळीत कळत नव्हतं. "हो पुढं. पुढं हो म्हणतो ना…"

माझ्या दंडाला काहीतरी घासून गेलं. ओलं, गार. मग समोरून आवाज आला. टप… खर्र. त्या आवाजामागून मी चालत राहिलो. धूळ बसली तेव्हा समोर करबलाचा घुमट होता.

दाराशी चपला ठेवायची खिडकी. आतल्या माणसानं माझ्या प्लॅस्टिकच्या चपला पिशवीत टाकल्या आणि पितळी बिल्ला दिला. आत गर्दीनंच मला उचललं आणि कबरीभोवतीच्या जाळीपाशी नेऊन आदळलं. जाळी धरली. इथं नाव सांगायचं असतं, कुणाच्या वतीनं चाललो त्याचं. जो मेलाय, किंवा ज्याला यायला जमलं नाही, त्याचं. पुलावर बोललेलं मला पुसायचं होतं. मी श्वास घेतला, तोंड उघडलं.

माझ्या कानापाशी कुणीतरी खोकलं. तंबाखूचा, ओला खोकला. लहानपणापासून ओळखीचा. आणि माझ्याआधी, स्वच्छ, मोठ्यानं म्हणालं,

"चासिबच्या वतीनं."

मी आजूबाजूला बघितलं. सगळे रडत होते, कुणाचं लक्ष नव्हतं. मी "लफ्ता" म्हणायला गेलो. जीभ हलली, आवाज निघाला नाही. तीनदा गेलो. मग गर्दीनं मला बाहेर फेकलं.

बिल्ला दिला. खिडकीतल्यानं चपला पुढे सरकवल्या. तपकिरी. ओल्या, कालव्याच्या शेवाळाचा वास असलेल्या. उजवी नवी कोरी, डावीचा तळवा टाचेपाशी घासून आरपार.

"या माझ्या नाहीत."

"या बिल्ल्यावर याच आहेत," तो वैतागून म्हणाला. "दुसऱ्या नेल्या कुणीतरी. चला, मागं लोक आहेत."

दगड तापला होता, म्हणून घातल्या. बसल्या पायात. गाड्यांच्या तळापर्यंत सगळे तंबूच तंबू होते, चहा उकळत होता. लोक ये-जा करणाऱ्यांच्या बाह्या ओढत होते. माझी बाही कुणी ओढली नाही. एकानं माझ्या आरपार हात घालावा तसा घालून मागच्याला ग्लास दिला.

गावात उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. सबरिया अंगणात तंदूरपाशी बसली होती, पाठ माझ्याकडे, हात पिठात. त्या फाटक्या चपलेमुळे डावा पाय नीट उचलता येत नव्हता. मी फाटकातून आत आलो. ती रोटी थापायची थांबली. वळली नाही. तिची मान हळूहळू ताठ झाली, आणि पिठाचा गोळा हातातून खाली पडला.

"आलात?" ती म्हणाली. फार हळू, जसं कुणी उडून जाईल म्हणून बोलावं. "पोचलात एकदाचे…"

मी बोलायला तोंड उघडलं.

"आणि," तिनं विचारलं, "चासिब कुठं राहिला?"