माळावरचे मायनस चाळीस

मोडनिंबच्या फाट्यावर मनाली एसटीतून उतरली तेव्हा ऊन नुसतं भाजून काढत होतं, आणि रिक्षा म्हणाल तर एक नाही! शेवटी तिनं एका मोटरसायकलवाल्याला हात केला.

"माळावरच्या सबस्टेशनला सोडता?"

तो तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. "बसा की."

आमची मनाली बडबडी. सोलापूरच्या ऑफिसात जिल्हाभरची रीडिंग फोनवर यायची, कॉम्प्युटर ती एकमेकांशी ताडून बघायचा आणि न जुळणारं बाजूला काढायचा. "शेजारची दोन्ही सबस्टेशनं म्हणतात, वीज इकडं येतेय. आणि इथला बिभीषण तळभंडारे दहा दिवस मायनस चाळीस देतोय, म्हणजे वीज उलटी चाललीय! खुर्चीत बसून आकडे ठोकत असणार. आज माझा रिपोर्ट गेला की नोकरी गेली त्याची."

"लई वंगाळ मानूस दिसतोय," तो म्हणाला.

सबस्टेशनच्या गेटवरचा वॉचमन सोमलिंग हसला. "आलासा व्हय बिभीषणभाऊ?"

मनालीचा चेहरा पडला. "आधी का नाही सांगितलंत?"

"आवाजावरनं वळखलं तुमाला. रोज फोनवर रीडिंग देतो की... सांगितलं असतं तर उतरून गेला असता."

बिभीषण हसला आणि तिला थेट मीटरसमोर घेऊन गेला. मीटर मायनस चाळीसच दाखवत होता! दहा दिवसांपूर्वी बसवलेला नवा मीटर. तिनं मागची पेटी उघडली. दोन वायरी उलट्या जोडलेल्या. त्यानं त्या सोलापूरच्या ऑफिसातून आलेल्या जोडणीच्या नकाशाबरहुकूम जोडल्या होत्या, आणि नकाशाखाली सही होती मनालीची.

"मीच उलटं जोडलं म्हनून लिवा," तो हळूच म्हणाला. "तुमचं नाव कशाला खराब..."

"आणि नोकरी?"

"बघू की दुसरी. फकस्त... रोजचा फोन ऱ्हानार न्हाय."

"गप्प बसा!" ती ओरडली, आणि तिचे डोळे भरून आले. तिथंच बसून तिनं लिहिलं – चूक नकाशाची, नकाशा माझा. ऑपरेटरनं दिसलं तेच सांगितलं.

चार दिवसांनी, वायरी बदलल्यावर, सकाळी अकराला रीडिंगचा फोन आला.

"प्लस चाळीस, मॅडम. बोलनी बसली व्हय?"

"मेमो मिळाला."

"माफी मागाय येऊ? रविवारी?"

"माफी मी मागायची. मीच येते."

"मग फाट्यावर उभा ऱ्हातो. हेल्मेट घालून. वळखाल न्हवं?"

"आवाजावरनं," ती म्हणाली, आणि फोन ठेवायचं दोघांच्याही जिवावर आलं.