पाच नंबरचा शर्ट

"ताई, रविवारी कडी खेळणार नाही."

एवढंच बोलून भाऊ दारात उभा राहिला, आणि तिच्या हातातली इस्त्री शर्टाच्या कॉलरवर जिथं होती तिथंच थांबली... करपल्याचा वास आला तेव्हा कुठं तिनं ती उचलली. चाळीस वर्षांत तिच्या हातून क्लबचं एक कापड जळालं नव्हतं.

कडी म्हणजे तिचा मुलगा. डिफेंडर, फुटबॉल टीमचा कॅप्टन, वय एकतीस. हे नाव मैदानानं ठेवलेलं. त्याच जागेवर, तोच पाच नंबरचा शर्ट घालून आधी त्याचा मामा खेळायचा. त्याच्या बाजूनं बॉल आत जात नसे म्हणून अख्खं शहर त्याला कुलूप म्हणायचं. मग भाचा आला आणि लोक म्हणाले, चला, आता कडीही बसली. आज ते कुलूप त्याच क्लबचं मॅनेजर होतं. रविवारी सीझनची शेवटची मॅच होती. हरले नाहीत, नुसती बरोबरी केली, तरी क्लब बारा वर्षांनी वरच्या लीगमध्ये जाणार होता. पोरानं आयुष्यभर जिची वाट पाहिली ती मॅच... आणि सख्खा मामा त्याला बाहेर बसवतोय.

"कोणाला सांगतोयस हे?" तिनं विचारलं. "बहिणीला, की कपडे धुणारीला?"

"दोघींना."

"कारण?"

तो बुटांकडे बघत राहिला.

"कारण विचारतेय मी."

"टीम मी निवडतो, ताई. कारण माझ्यापाशी."

तिचा नवरा खाटेवर पेपर वाचत पडला होता. टीमची बस चालवून रिटायर झालेला माणूस. तो पेपरामागूनच म्हणाला, "मेव्हणे, कारण न सांगता ब्रेक मारला की मागची सगळी बस शिव्या घालते."

तिनं इस्त्री उभी करून ठेवली.

"चहा झालाय," ती म्हणाली. "पिऊन जा. आणि परत येऊ नकोस."

त्यानं उभ्याउभ्या चहा प्यायला, कप स्वतः विसळून पालथा घातला आणि निघून गेला. जिना तो नेहमी खेकड्यासारखा आडवा उतरतो. त्याच्या पावलांचा तो तुटका आवाज तिनं शेवटच्या पायरीपर्यंत ऐकला. पण तिनं हाक मारली नाही.

आता ही बाई कोण, हे क्लबच्या गेटवर शोधायला जाऊ नका. तिथं अध्यक्षांच्या नावांची पाटी आहे. गोल मारणाऱ्या एकाचा पुतळा आहे. गोल अडवणाऱ्याचा पुतळा कुठं पाहिलाय तुम्ही? जे झालंच नाही त्याचा फोटो कोण काढणार? आणि जी बाई त्या अडवणाऱ्याच्या अंगावरचा चिखल धुते, तिला तर पाटीवर खिळ्याएवढीही जागा नाही.

आई-बाप गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि भाऊ अकरा. तेव्हा ती स्वतः खेळायची, आणि अशी खेळायची की मोठमोठे पुरुष तिला बघून बाजूला होत. क्लबची पहिली महिला टीम निघत होती आणि तिला बोलावण्याचं पत्र आलं होतं. त्याच आठवड्यात क्लबच्या लॉन्ड्रीत जागा निघाली. नोकरीबरोबर प्रेक्षकांच्या स्टँडच्या मागच्या दोन खोल्या मिळणार होत्या. खिडकीतून सबंध मैदान दिसणाऱ्या खोल्या! पोरगं डोळ्यांसमोर राहील, उंडारणार नाही... तिनं खोल्या घेतल्या. पत्र कुठं गेलं ते तिला आजही सांगता येणार नाही.

दुपारी मशीन घरघरत असताना स्टँडखालच्या अरुंद बोळात ती बॉल घेऊन त्याच्या अंगावर जायची. तो पायांकडे बघायचा आणि ती निघून जायची. "पायांकडे काय बघतोस? पाय थापा मारतात. कंबरेकडे बघ. कंबर जाते तिकडंच माणूस जातो." चार वर्षं ती त्याला रोज चकवत राहिली. एके दिवशी त्यानं तिच्या पायातून बॉल अलगद, चोरल्यासारखा काढून घेतला, तेव्हा ती तिथंच ओल्या फरशीवर बसली आणि आनंदाच्या अतिरेकानं हुंदके देऊन रडली. त्याला वाटलं, तिला लागलं.

सतराव्या वर्षी तो पहिली मॅच खेळला. पुढं चौदा सीझन, चारशे बारा मॅच, तीन गोल, त्यातला एक आपल्याच जाळ्यात. नाक दोनदा मोडलं. नवरा म्हणायचा, पहिल्या वेळी वाकडं झालं होतं ते दुसऱ्यानं सरळ केलं. ती मॅच क्वचितच बघायची, पण तिला सगळं ठाऊक असायचं, कारण ती डाग वाचायची. डाव्या कुल्ल्यावर हिरवं घासलेलं असलं की त्या बाजूचा फॉरवर्ड वेगवान होता. छातीवर चिखल असला की शेवटच्या क्षणाला अंग आडवं घातलं. पुढं पुढं त्याची चड्डी कोरीच येऊ लागली, तेव्हा तिनं विचारलं होतं, "खेळतोस की उभा राहतोस?" तो हसून म्हणाला होता, "चांगला डिफेंडर पडत नाही, ताई. पडावं लागलं म्हणजे पोचायला उशीर झाला."

आणि मग ते शेवटचं वर्ष. क्लब बुडायला लागला, याचा डावा गुडघा गेला, आणि क्लबची सूट घातलेली माणसं इंजेक्शन देऊन सांगायची, फक्त आणखी एक मॅच. अशा सात मॅच. सातही वेळा डाग फक्त उजव्या बाजूला होते. तिला पहिल्याच धुण्यात कळलं होतं. "कोणाला बोलू नकोस," तो म्हणाला आणि ती बोलली नाही. सातव्या मॅचला गुडघा असा फिरला की परत जागेवर आलाच नाही. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. त्यानंतर मॅनेजर म्हणून त्यानं फुटकळ क्लब सांभाळले, दोनदा हाकलला गेला, एका ठिकाणी तर गोलला जाळी स्वतः बांधली. चार वर्षांपूर्वी हा क्लब तळाला गेला, दुसरं कोणी यायला तयार नव्हतं, तेव्हा सूटवाल्यांना कुलूप आठवलं.

आणि त्याच माणसानं तिच्या पोराला बाहेर काढावं?

विशेषतः आत्ता. गेले दोन महिने पोराची चड्डी मामासारखी कोरी येत होती. ती अभिमानानं फुलून गेली होती. माळ्याला दाखवली, वॉचमनला दाखवली, दूधवाल्यालाही सोडलं नाही. "बघ. एक डाग नाही. मामाच्या वर गेला."

शनिवारी सकाळी ती भांडायच्या तयारीनं मैदानावर गेली. सराव चालू होता. भाऊ कडेला उभा होता, पोरगा बचावाच्या रांगेत. डावीकडून बॉल आला, असा की घसरत जाऊन पाय घातला की संपलं. पोरगा धावला... आणि तिला त्याची कंबर दिसली. पाय पुढं जात होते, कंबर मागं ओढत होती. ऐनवेळी तो थबकला. बॉल शेजारून निघून गेला. गोलकीपर गवताकडे बघू लागला. सगळ्या टीमला ठाऊक होतं.

तो पडत नव्हता, कारण त्याला पडताच येत नव्हतं. दोन महिने दुखणं तिच्या हातांतून जात होतं, ती ते धूत होती, वाळवत होती, घडी घालत होती... आणि मिरवत होती!

ती मॅनेजरच्या खोलीकडे गेली. सराव संपवून भाऊ आत आला होता, आणि क्लबचे उपाध्यक्ष त्याच्यासमोर उभे होते. दार अर्धवट उघडं होतं.

"पोस्टरवर त्याचा चेहरा आहे," उपाध्यक्ष म्हणत होते. "गुडघ्यात एक इंजेक्शन द्या. तुम्हीही घेतलं होतंत की."

"घेतलं होतं. म्हणूनच नाही म्हणतोय."

"सोमवारी ही खुर्ची तुमची राहणार नाही."

"खुर्ची आत्ता न्या. मी तसाही उभाच असतो."

उपाध्यक्ष तिच्या बाजूनं तणतणत निघून गेले. तिच्याकडे बघितलंही नाही; कपड्यांच्या ढिगाकडे कोण बघतं?

"मला का नाही सांगितलंस?" दारातूनच तिनं विचारलं.

भावानं गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली. मग हळूच म्हणाला, "त्यानं शपथ घातली होती. म्हणाला, मामा, आई सगळ्यांना माझी चड्डी दाखवत फिरते. तिला कळलं की तिच्या डोळ्यांना दिसलं नाही, तर ती मोडून जाईल. त्यापेक्षा तू वाईट हो."

"आणि तू झालास."

"सवय आहे. चौदा वर्षं दुसऱ्याच्या चुका माझ्या नावावर लागल्यात. डिफेंडरचं कामच ते."

"मी तुला घरातून हाकललं रे..." तिचा आवाज फुटला. "तुझ्या वेळी मला दिसलं होतं आणि मी गप्प बसले. ह्याच्या वेळी दिसलंच नाही. दोन्ही वेळा गुन्हेगार मीच."

"माझ्या वेळी तू गप्प बसलीस, कारण मी पाया पडलो होतो," तो म्हणाला. त्याचेही डोळे भरून आले होते. "माझा हट्ट होता, ताई. आज ह्याचा आहे. कोणीतरी नाही म्हणायला हवं होतं, एवढंच."

तिनं बाहीनं त्याचं तोंड पुसलं, अकरा वर्षांच्या पोराचं पुसावं तसं, खसाखसा.

रविवारी दुपारी कपडे मांडायच्या वेळेला पोरगा लॉन्ड्रीत आला. उपाध्यक्षांनी त्याला सकाळीच गाठलं होतं हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"आई, पाच नंबर कुठंय?"

"ओला आहे."

"दुसरा जोड?"

"तोही ओला आहे."

त्यानं बघितलं. दोन्ही शर्ट टबात बुडवलेले होते, वर साबणाचा फेस.

"आई, एकच मॅच आहे गं. डॉक्टर तयार आहेत. मामाला मी समजावतो."

"सात झाल्या होत्या मामाच्या. पहिली सुद्धा एकच होती."

त्याला उमगलं की तिला सगळं कळलंय. एकतीस वर्षांचा तो दांडगा गडी कपड्यांच्या टोपलीवर मटकन बसला आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडला. तिनं त्याचं डोकं पोटाशी धरलं. "माझी लाज राखायला निघाला होतास होय रे? माझ्या डोळ्यांची किंमत तुझ्या पायाएवढी मोठी नाही, राजा."

मग ती स्टँडमध्ये गेली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मॅचच्या वेळी लॉन्ड्रीला बाहेरून कुलूप लागलं.

टीम मैदानात उतरली. पाच नंबरच्या जागी एरवी डाव्या कडेला खेळणारा कालपरवाचा एक लेफ्ट बॅक उभा होता, आणि स्टँड पेटला. मॅनेजरच्या नावानं ओरडा सुरू झाला. तिच्या पुढच्या रांगेतला एक जाडा माणूस सगळ्यांत पुढं होता. "भाच्याचं नाव मोठं झालं म्हणून जळतोय लंगडा! सख्खा मामा आणि हे धंदे!"

खाली भाऊ पाठ फिरवून उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो सांगणार नव्हता. आजही नाही, उद्याही नाही.

ती उठून उभी राहिली.

"ए," ती म्हणाली. लॉन्ड्रीतल्या मशीनवर मात करणारा तिचा आवाज चार रांगा कापत गेला. "कडीची आई मी. क्लबचे कपडे धुते. त्याचा गुडघा गेलाय. दोन महिने तो लपवत होता आणि मी, त्याची आई, रोज त्याची कोरी चड्डी हातात धरून बढाया मारत होते. मला दिसलं नाही. मूर्ख मी ठरले. ज्याला दिसलं तो बघा, खाली उभा आहे. माझी अब्रू राहावी म्हणून तुमच्या शिव्या खातोय, नोकरीवर पाणी सोडून. आता घाला शिव्या. पण मला घाला."

कोणी शिवी घातली नाही. वॉचमन कोपऱ्यात उभा होता, तो खाली बघू लागला. ती चड्डी त्यानंही पाहिली होती. तिचा चेहरा शरमेनं जळत होता, पण मान ताठ होती.

मॅच रटाळ झाली, असं दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. रटाळ! नव्वद मिनिटं चारजणांची ती रांग एका दोरीनं बांधल्यासारखी डावीकडं, उजवीकडं, पुढं, मागं सरकत होती, आणि समोरच्यांचा महागडा फॉरवर्ड मधल्या फटी शोधत घामाघूम झाला होता. तिला मात्र जागोजागी आपला तो बोळ दिसत होता. शिट्टी झाली. शून्य-शून्य. क्लब वर गेला. तिच्याशेजारी नवरा टोपी हवेत उडवून मुलासारखा नाचत होता.

खाली पोरगा साध्या कपड्यांत धावत... नाही, चालत आला. त्यानं मामाला कडकडून मिठी मारली आणि हात धरून स्टँडसमोर आणून उभं केलं. भाऊ वर बघत होता. एवढ्या हजारोंत तो कोणाला शोधतोय ते पुढच्या रांगेतल्या जाड्यालाही कळलं. तो ओशाळून मागं वळला.

"पण बाई, ह्या कुलपाला हे सगळं शिकवलं कोणी हो? कुठल्या मोठ्या कोचनं?"

"मी," ती म्हणाली. "बहीण आहे त्याची."

जाड्यानं स्वतः सरकून जागा केली, बाक हातानं झटकला. "बसा ना, ताई."

"नको," ती म्हणाली. "उभ्यानं नीट दिसतात दोघं."