एस्तेर आजीचा शुक्रवार

ए पोरांनो, ठेवा बरं ते मोबाइल खाली. कल्याण वायरमनला वळखता ना? त्याच्याच घरचं हाय हे. तुमच्या ह्या बद्रीमामाला रचून सांगता येत न्हाई.

मागच्या साली मार्गशीर्षातली अमावस्या शुक्रवारी आल्ती. नऊच्या सुमाराला कल्याण एस्तेर आजीच्या घरी ट्यूबलाइट बंद करायला गेल्ता. दर शुक्रवारचं काम ते. त्याची गल्ली म्हंजे पणज्याच्या काळात कोकणातून इथं जालन्याच्या छावणीत नोकरीला आलेल्या यहुदी लोकांची. शुक्रवारी दिवेलागणीपासून शनिवारची रात पडेपर्यंत त्यांच्यात कामाला हात लावत न्हाईत. आजी तर बटन सोडा, ओलं फडकं बी पिळायची न्हाई. बाकीचे समदे इस्राएलला गेले, घरांना कुलपं लागली. आजी तेवढी राह्यली, कल्याणच्या भरवशावर.

त्या रात्री आजी खाटेवर गार पडल्ती.

कल्याणनं ठाण्याला तिच्या भाचीला फोन लावला. ती रडतच बोलली, "सकाळपर्यंत पोचते मी. तोवर मावशीला एकटं सोडू नका हो. आमच्यात मयताला एकटं ठेवत नाहीत."

"बिलकुल न्हाई सोडणार, ताई."

आजीच्या अंगावर चादर घालून तो उशाशी बसला. समोरच त्याचं घर, पण शीतलला कळवलं न्हाई. पोरगी तापानं फणफणलेली, त्यात बायकोला कशाला भेव घाला?

बारानंतर शीतलचा फोन आला. "अवो, आकांक्षा डोळे फिरवून राह्यली! रिक्षा आणा जल्दी!"

काय करावं माणसानं, सांगा! इकडं शब्द दिलेला, तिकडं पोटचं लेकरू. हाकेला कोणी न्हाई. त्यानं आजीच्या पायावर डोकं टेकलं.

"माफ करा, आजी. एकुलती एक हाय वो..."

बाहेरून कडी घातली अन् रडत रडत स्टेशनाकडं पळाला.

रिक्षा घेऊन आला.

घरात आवाज न्हाई.

त्यानं दार ढकललं...

आत शीतल बसल्ती. मांडीवर पोरगी. घामेजलेली. झोपलेली. ताप उतरल्ता.

"फोन ठेवला अन् एस्तेर आजी आल्या," शीतल बोलली. "पट्ट्या पिळून पिळून ठेवल्या कपाळावर. म्यां म्हटलं, आजी, आज शुक्रवार ना?"

"मंग?"

"पट्टी पिळतच राह्यल्या... आत्ताच गेल्या."

कल्याण पळाला.

कडी तशीच. आजी तशीच. चादर तशीच...

त्यानं चादर बाजूला केली.

दोन्ही हातांची बोटं पाण्यानं सुरकुतलेली. अन् बाहीच्या टोकातून फरशीवर... थेंब थेंब पाणी गळून राह्यलं व्हतं.